अलाबामाचे काका

“आधी साक्षीदार कोण होतं ते बघावं,” असं म्हणून काका पुस्तकात बोट घालत आणि चष्मा कपाळावर ढकलत. मग लंचची उरलेली वीस मिनिटं आपण अलाबामात.

लंडनला, म्हणजे आमच्या कॅनडातल्या, ओंटारिओतल्या लंडनला, एका लॅबमध्ये आम्ही रक्ताचे नमुने तपासत असू. काका पुण्याचे, निवृत्तीला आलेले. मी अमरावतीची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या एका राज्यावर जे छापलं जाईल ते काका विकत घेत: इतिहास, जुने खून, खटले, काळ्या लोकांचे हक्कांचे लढे. स्वतः मात्र नायगारा ओलांडून अमेरिकेत कधी गेले नव्हते. काकू म्हणायच्या, “बेसमेंटात लाँड्री करायची तरी ह्यांच्या अलाबामातून जावं लागतं.”

तिथल्या मेलेल्या शेरीफांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. “महाबिलंदर माणूस! आणि तो दुकानदार. समोर खून झाला, तर कोर्टात म्हणतो, माझी पाठ होती. भित्रा लेकाचा!” बोलताना त्यांचा आवाज खरोखर कापायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावर विश्वास न ठेवणं जड जातं.

मी त्यांना आमच्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात बोलायला नेलं. ते तासभर बोलले. माझी आई तेव्हा इथे आली होती. परतताना गाडीत म्हणाली, “बामणाचा असून आपला माणूस आहे हा.” मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, टीम लीडची पोस्ट. मी बेसनाचे लाडू करून नेले. टेबलावर आम्ही चौघं होतो: सुपरवायझर, काका, मी आणि एक कॅनेडियन मुलगी. सुपरवायझर आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. जयंतीसाठी मी सुट्टी मागितली होती, तेव्हापासून माझी जात त्याला ठाऊक होती. डबा पुढे केला तर तो हसला. “कोटा यहाँ भी पहुँच गया? इनके हाथ का हम नहीं खाते.”

त्या मुलीला हिंदी येत नव्हती. काकांच्या हातात अर्धा लाडू होता. त्यांनी पान उलटलं.

मी एचआरकडे तक्रार केली. मला काळजी नव्हती, काका होते ना! तीन आठवड्यांनी पत्र आलं. हजर असलेल्या सहकाऱ्याला असं काही ऐकल्याचं आठवत नाही, सबब चौकशी बंद.

मी लंचरूममध्ये त्यांच्यासमोर उभी राहिले. “काका, तुम्ही ऐकलं नाहीत?”

त्यांनी पुस्तक मिटलं. “ऐकलं.”

“मग?”

“अगं, माझं दीडच वर्ष राहिलंय. आणि तो गणपतीला घरी येतो आमच्या.”

“त्या दुकानदाराला तुम्ही भित्रा म्हणाला होतात.”

“पुस्तकातलं वेगळं असतं गं,” ते हळूच म्हणाले.

सुपरवायझरचं बोलणं मी विसरले असते. तसं ऐकतच मोठी झालेय. हे विसरता येईना. आईला तर अजून सांगितलेलं नाही. फोनवर ती विचारते, “ते काका बरे आहेत ना?” मी हो म्हणते.

मी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये बदली मागून घेतली. सुपरवायझर होता तिथेच राहिला. काका निवृत्त झाले. सेंड-ऑफला मी गेले नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. काका समोरून आले. त्यांनी पलीकडची अर्धी काच हातमोज्यानेच साफ केली. बराच वेळ लागला. मी गाडीत बसले, खिडकीची काच खाली केली आणि थांबले. त्यांचे ओठ हलले. एक वाक्य पुरलं असतं मला.

“विंटर टायर्स लावलेस ना?” त्यांनी विचारलं.

“लावलेत,” मी म्हटलं.

आता ते दुसऱ्या प्रांतात, मुलीकडे लव्हालला असतात. त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा आरशात दिसत होते, ओला हातमोजा काढून हातात धरलेला, आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभे.