अणुभट्टीसाठी थांबलेले लग्न

दक्षिण टोकाला समुद्रकाठी अणुवीज केंद्र उभारण्याचा करार मॉस्कोशी झाला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत तंजावुरात माझा साखरपुडा झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध होता. आमची मराठी घराणी मोजकी. आत्याचा मुलगा हे स्थळ लहानपणापासून ठरलेलेच. तो गावातल्या कॉलेजात गणित शिकवी आणि विधवा आईला सोडून जाणे त्याला शक्य नव्हते. मला काम अणुभट्टीवरच करायचे होते. नवे केंद्र रात्रभराच्या बसप्रवासावर येणार होते. तिथे नेमणूक मिळाली की लग्न, असे दोन्ही घरांनी ठरवले.

तोवर मी उत्तरेतल्या एका केंद्रावर रुजू झाले. मग सोव्हिएत संघच मोडला. सरकारने करार रद्द केला नाही, पुढेही नेला नाही. नव्या धोरणात खाजगी वीज कंपन्यांसाठी पायघड्या होत्या. अणुवीज मागे पडली. सुट्टीत घरी गेले की आत्या केंद्राचे विचारी, आणि मी तिला कर्जाच्या अटी, इंधनाची हमी समजावून सांगे. एकदा अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "तुझ्या सरकारास वय नाही ग. माझ्या लेकास आहे."

बस स्टँडवर त्याने विचारले, इथेच शिकवशील का? मी नाही म्हटले.

"ठाऊक होते," तो म्हणाला. "तरी विचारावे लागते."

त्याचे लग्न कुंभकोणमच्या मुलीशी झाले. आमच्यातही, तमिळ शेजाऱ्यांप्रमाणेच, माळा घालताना वधूवरांना आपापले मामा उचलून घेतात. वराचे मामा म्हणजे माझे अप्पा. दुसऱ्या कुणाला सांगू या, असे मी सुचवून पाहिले. त्यांनी ऐकले नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांनी भाच्याला उचलले. मुलीकडचे चेष्टेने म्हणाले, "मामा, एवढाच जोर?" अप्पांनी त्याला आणखी वर घेतले. मी अक्षता मुठीत धरून पाहत होते.

पुढे सरकारने तो करार पुन्हा केला. नव्या केंद्रासाठी मी अर्ज करणार असल्याचे अप्पांना सांगितले.

"आत्याकडे विषय काढू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटेल, थांबायला हवे होते."

मी काढला नाही. पण पेपर आत्याही रोज वाचत असे.