आवाज कुठला ठेवायचा

"थांबा. आधी आवाज ऐकू." असं म्हणून काका हेडफोन ताणायचे, त्याचं एक टोक आपल्या कानाला लावायचे आणि दुसरं समोरच्या माणसाच्या. मग डोक्याला डोकं टेकवून ऐकायचं. आमच्या मराठी मंडळातली भलीभली माणसं बर्नाबीतल्या काकांच्या बेसमेंटमध्ये अशी डोकं टेकवून बसलेली मी पाहिली आहेत. तुम्ही आमच्यापैकी असाल तर तुम्हीही बसला असाल.

काका रिटायर्ड इंजिनियर. मी त्यांच्या समोरच्या टाउनहाउसमध्ये राहतो. लोकांच्या जुन्या व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि त्यांच्या डीव्हीडी बर्न करून द्यायच्या, हा त्यांचा रिकामपणचा उद्योग. आता डीव्हीडी कोण बघतं, असं विचारलं की म्हणायचे, "ज्यांच्याकडे टेप आहेत ते."

या टेपवर बऱ्याचदा दोन आवाज असतात. एक शूटिंगच्या वेळचा आणि दुसरा मागाहून चढवलेला. देशातल्या लग्नाच्या टेप घ्या. अंतरपाटापासून पंगतीपर्यंत स्टुडिओवाल्याने सनई आणि सिनेमाची गाणी चढवलेली असतात, पण खालचा खरा आवाज शाबूत असतो. बर्न करताना त्यातला एक निवडायचा. नाही निवडला तर कॉम्प्युटर आपल्या मनाने एक उचलतो. दोन्हीही ठेवता येतात, पण मग आजीला रिमोटवरचं ते बटण सापडत नाही आणि रविवारी सकाळी काकांचा फोन वाजतो.

काका खऱ्या आवाजाच्या बाजूचे. एका जोडप्याला लग्नाची डिस्क त्यांनी सनई वगळून दिली. जोडपं घाईत होतं, ऐकायला थांबलं नाही. अ‍ॅनिव्हर्सरीला घरभर पाहुणे असताना ती लागली आणि मंगलाष्टकांच्या आधी नवऱ्याची मावशी स्वच्छ म्हणाली, "फोटोत बरी दिसत होती हो." मावशी त्याच खोलीत सोफ्यावर बसलेली होती. दुसऱ्या दिवशी नवरा तणतणत आला तर काका म्हणाले, "बोलल्या त्या. मी फक्त ठेवलं." पण तेव्हापासून ऐकवल्याशिवाय डिस्क द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

काकू आजारी पडल्या तेव्हा आधी त्यांचं इंग्लिश गेलं, मग माणसांची ओळख गेली. काकूंना ठेवलं होतं त्या केअर होममध्ये काका रोज जायचे आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. बसमध्ये शेजारी कुणी परका माणूस बसावा तशा काकू त्यांच्याशी अदबीने बोलायच्या. "आपण कुणाकडे आलात?" असं विचारायच्या. जन्मभर त्यांना 'अगं' म्हणणारे काका सांगायचे, "तुमच्याकडेच आलोय."

बर्फ पडला होता. आम्ही दोघं फावड्याने आपापला ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. काका मध्येच थांबले. "एकदा ओळखलं ना तिने मला, एकदाच, मग पुन्हा विसरली तरी चालेल," म्हणाले. मी 'हो' म्हटलं आणि शोव्हल करत राहिलो.

केअर होमच्या टीव्हीला एक जुना डीव्हीडी प्लेअर होता. काकांनी त्यांच्या पहिल्या घराची टेप काढली. कॅमेरा काकूंच्या हातात असायचा, त्यामुळे चित्रात काका आणि मुलं, काकूंचा नुसता आवाज. पुढे नातवंडांना कळावं म्हणून त्याच टेपवर काकूंनी इंग्लिशमध्ये कॉमेंट्री चढवली होती. काकांनी ही डिस्क आवाज न ऐकताच बर्न केली.

"काका, आवाज?" मी विचारलं.

"नको. चांगली होती तेव्हाचा आवाज आहे तो. मला नाही ऐकवत."

डिस्क लावली तर इंग्लिश आलं. नर्स खूश. "शी स्पीक्स सो वेल!" काकूंनी हवामानाच्या बातम्या बघाव्यात तसं थोडा वेळ बघितलं आणि त्या झोपल्या. गाडीत काका एवढंच म्हणाले, "चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बेसमेंटमध्ये बोलावलं. हेडफोनचं एक टोक मला, एक त्यांना. पडद्यावर कानटोपी घातलेले तरुण काका बर्फ उपसत होते आणि आवाज आला, "अहो, इकडे बघा ना! ठेवा ते फावडं." काका डोळे मिटून रडत होते. मला गलबलून येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. कान दुखत होता, तेवढं आठवतं.

नवी डिस्क लावली तेव्हा मी बरोबर होतो. "अहो, इकडे बघा ना!" काकू सावरून बसल्या. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. काकू त्यांच्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला बोलावतायत वाटतं. जा ना."

काका उठले. टीव्हीपाशी जाऊन जरा वेळ उभे राहिले आणि परत येऊन बसले. "जाऊन आलो," म्हणाले.

"बरं केलंत," काकू म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. डिस्क लागायची, काकू त्यांना पाठवायच्या, काका जाऊन यायचे. आज तरी ओळख पटेल म्हणून ते रोज काकूंच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती पटली नाही.

यंदाच्या थंडीत काका झोपेतच गेले. फ्युनरल होममध्ये लोक चांगलं बोलले. मी सगळ्यांशी हात मिळवले, येताना ग्रोसरी घेतली. आत सगळं बधिर होतं आणि अजूनही फारसं वेगळं नाही. काकूंना काही सांगू नका, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बजावलं होतं.

नंतर एकदा मी काकूंना भेटायला गेलो. काकांची खुर्ची सोडून पलीकडे बसलो. नर्सने सवयीने डिस्क लावली. "अहो, इकडे बघा ना!" काकूंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग दाराकडे. पुन्हा खुर्चीकडे. कपाळाला आठ्या घालून त्या माझ्याकडे वळल्या.

"केव्हाची बोलावतेय मी. कुठे गेले हे?"