भांगाचे दिवस आणि अर्धवट रिबेस

आमचे बाबा अर्नाळ्याचे तांडेल, मासेमारी बोटीचे प्रमुख. अमुक डोंगराची कड अमुक माडाच्या डोक्यावर आली की जाळं तिथे टाकायचं, या खुणा त्यांच्या डोक्यात. त्या कुणाला सांगायची पद्धत नाही, लेकीला तर नाहीच. पण यंदा त्यांचा शेवटचा हंगाम, म्हणून मी महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे कबूल झाले. तेही भांगातच. उधाण आलं की बोट समुद्रात; भांगात पाण्याला ओढ नसते, बोट किनाऱ्याला.

नोकरीत दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे या खुणाही गिटमध्येच ठेवल्या, म्हणजे प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. माझ्या गोखिवऱ्याच्या घरी काही लिहिलेलं, अर्नाळ्यात काही. दोन्ही एका धाग्यात ओवायला रिबेस चालवला आणि तो मध्येच अडकला. तेवढ्यात बाबांची हाक. ‘‘पानी भांगाचा हाय तवर लिही. मंग मी नाय गावनार.’’ थांबा, माझा रिबेस अडकलाय, असं त्यांना काय सांगणार, कप्पाळ! त्या अर्धवट अवस्थेतच तीन दिवस लिहीत गेले, कमिट करत, म्हणजे नोंदी पक्क्या करत गेले.

चौथ्या दिवशी रिबेसचा कंटाळा आला आणि रागाच्या भरात तो रद्द केला. गिट निमूटपणे रिबेसच्या आधीच्या जागी गेलं. तीन दिवसांचं सगळं गायब! मी अक्षरशः रडले. बाबांनाच ओरडले, तुम्हीच घाई केलीत म्हणून. दुपारी ते आपणहून पाटावर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना रिफ्लॉग आठवला. आपण कुठून कुठे गेलो याची नोंद गिट ठेवतं, रद्द केलेल्या वाटेचीही. ऑफिसात नव्या लोकांना हे मीच शिकवते, आणि स्वतःवर आलं तर अक्कल गहाण! तीन दिवसांचा शेवटचा कमिट तिथे होता. त्यावर नवी ब्रँच, म्हणजे वेगळी शाखा काढली आणि सगळं परत आलं.

मग आधीच्या तीन दिवसांची आणि नंतर पुन्हा सांगितलेली, अशा दोन्ही याद्या शेजारी लावल्या. अकरांपैकी चार खुणा जुळेनात. डोंगर तोच, माड दुसराच. मी वैतागले. मला मुद्दाम चुकीचं सांगितलं की काय? तणतणत जाऊन दोन्ही वाचून दाखवल्या.

बाबांनी हातातली जाळ्याची गाठ खाली ठेवली. ‘‘पयला कुठला सांगितला व्हता?’’ त्यांनी विचारलं. मी दाखवला. ‘‘तोच बरोबर.’’

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं: बाबा खुणा विसरायला लागले होते.

उधाणाच्या दिवशी बोटीवर जाण्याआधी त्यांनी ती पहिली यादी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

‘‘खलाशांना सांगू नको,’’ एवढंच म्हणाले.