ताईच्या आळ्या आणि सव्वीसचा आकडा

वाटूरजवळच्या गावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं रेशमाच्या आळ्या पाळायचं काढलं, तेव्हा सासरी सगळ्यांनी नाकं मुरडली. "बाईमाणसाचं काम न्हाई ते," सासरा तोंडावर म्हणला. झालं, ताई हट्टाला पेटली. मला फोन करून म्हणली, "भाऊ, ही पहिली खेप बराबर निघाली पाहिजे. न्हाईतर हे लोक मला पुन्हा काहीच करू द्यायचे न्हाईत."

मी नवीन जालन्यात कारखान्यांच्या पॅनलचं वायरिंग करतो. आळ्यांना उन्हाळा बिलकुल सोसत न्हाई, आणि आपला उन्हाळा तर माणसालाही सोसत न्हाई. म्हणून भंगारात निघालेल्या पॅनलमधला एक कंट्रोलर उचलला. मोठमोठ्या मशिनी चालवलेला डबा तो, त्याला दहा व्होल्टपर्यंतचा दणकट सिग्नल लागतो. माझा उष्णता मोजणारा सेन्सर हरभऱ्याएवढा, सव्वीस अंशाला जेमतेम पाव व्होल्ट देणारा! मंग मधी एक आयसी आणि थोडे रेझिस्टर टाकून सिग्नल दहापट करणारं सर्किट बनवलं. सेन्सर तांब्याच्या नळीत पक्का बंद करून आळ्यांच्या खोलीत टांगला, वायर भिंतीतून बाहेर काढली आणि कंट्रोलर ओसरीवर बसवला. आकडा अठ्ठावीसच्या वर गेला की कूलर आपोआप सुरू. कूलरला हाताचं बटण मी ठेवलंच नव्हतं. कशाला पाहिजे?

आळ्या आल्या आणि ताईनं खोलीत सगळ्यांना बंदी केली. आळ्यांचं असंच असतं, बाहेरचा पाय आत गेला की रोग आलाच म्हणून समजा. माझ्या खिशात तर तंबाखूची पुडी, आळ्यांना ते विषच, म्हणजे विचारूच नका.

ऐन मे महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला. "आळ्या पाला खाऊन न्हाई राह्यल्या रे. खोलीत मला नुसत्या घामाच्या धारा."

"आकडा काय दाखवतोय?"

"सव्वीस."

"मंग बरं हाय की. तुला घाम यायला उन्हाळा कशाला लागतो!" मी थट्टा केली. तीही हसली. दुपारी पुन्हा फोन आला, तेव्हा हसत नव्हती. "मान टाकून राह्यल्यात. जल्दी ये."

मोटरसायकल हाणत गेलो. ओसरीवर बसून मीटर लावला. सेन्सर बराबर. सर्किट बराबर. कंट्रोलरवर सव्वीस. एकेक जोड हलवून पाह्यला, रेझिस्टर बदलले, तरी सव्वीसच. सासरा बाजेवर बसून बघत होता. काही चुकलेलं असतं तर दुरुस्त केलं असतं. इथं काही चुकलेलंच नव्हतं, आणि आत आळ्या मरून राह्यल्या होत्या.

शेवटी खिडकीशी जाऊन म्हणलं, "ताई, ती नळी दाखव बरं मला."

तिनं वायर ओढून नळी गजांजवळ धरली. नळीला धोतराचं फडकं गुंडाळलेलं होतं, चांगलं दोन पदरी, निथळत असलेलं. आपल्याकडं उन्हाळ्यात माठाला बांधतो ना, तसं. दर साली करतो ते काम तिनं माझ्या सेन्सरलाही केलं होतं. खोली तापत होती आणि ओल्या फडक्यात बसलेला सेन्सर प्रामाणिकपणे आपला गारवा सांगत होता.

"काढ ते," मी म्हणलं. "आणि होती तिथंच टांग."

ओसरीवर पळालो. आकडा चढायला लागला. अठ्ठावीस, एकतीस, पस्तीस. कूलर घरघरत सुरू झाला. काय झकास चाललं माझं यंत्र! मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आतून ताईचा आवाज आला, "झालं का रे दुरुस्त? शाब्बास भाऊ!" मी खिडकीशी गेलो. ती घाईघाईनं फडकं बादलीत बुडवून पिळत होती. "आता परत बांधते. लई तापतंय बिचारं."

"न्हाई ताई. नको बांधू."

"का?"

मी गजांतून फडक्याकडं बोट केलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं, मंग हातातल्या फडक्याकडं, मंग चालू कूलरकडं. हळूहळू खाली बसली.

"मी जपत होते रे त्याला," ती म्हणली. "तू केलेलं होतं म्हणून."

मी दाराकडं धावलो. कडीला हात घातला, तसा तिचा रडका आवाज आला, "आत येऊ नको. थोड्या जित्या असतील अजून."