दातातले अरुंद वलय

वन्यजीव कार्यालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे अस्वलांचे दात कापणाऱ्या बाईंना सगळे दातकाकू म्हणत. बेशुद्ध केलेल्या अस्वलाचा एक बारीक दात काढायचा, त्याचा कागदाहून पातळ काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजायची. दर हिवाळ्याचे एक. मादीने पिल्ले वाढवली त्या वर्षीचे वलय अरुंद, असे काकूंचे वाचन. अभिलेख कक्षातून मी त्याकडे साशंकतेनेच पाहत असे.

डिसेंबरात एक काळी मादी बंद लाकूडगिरणीच्या जमिनीच्या फळ्यांखाली शीतनिद्रेला शिरली. आमच्या कार्यालयाच्या साहेबांना ती लगेच हलवायची होती. उन्हाळ्यात काढलेल्या तिच्या दातात पाचवे, सातवे, नववे वलय अरुंद होते. येत्या जानेवारीत ती अकरा वर्षांची होणार होती.

"साहेब, यंदा बाळंतपण आहे. आत्ता हलवली तर पिलं जगायची नाहीत."

"काकू, जोडी उन्हाळ्यात जमते म्हणता. मग पोट नको दिसायला?"

"गर्भ महिनोन्महिने नुसता थांबून राहतो. अंगावर चरबी साठली, तरच थंडीच्या तोंडावर रुजतो. आणि पिलू जन्मतं मूठभर. पोट काय दिसणार, कपाळ?"

साहेबांनी मला जुनी फाइल काढायला लावली. तिच्या नवव्या वर्षाच्या टंकलिखित नोंदीत स्पष्ट होते : 'मादी एकटी. पिल्ले नाहीत.'

"काय म्हणतात तुझे कागद?" काकूंनी विचारले.

"तुमच्याविरुद्ध आहेत."

त्या आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिल्या. मार्चमध्ये निवृत्ती होती. हे वलय चुकले असेल, तर बाकीची हजारो कोणी खरी मानावी?

टंकलिखित प्रतीवर विसंबणे मला जमत नाही. तळघरातून मूळ हस्तलिखित रोजनिशी काढली. भेटीची तारीख बावीस डिसेंबर, ती नऊ वर्षांची होण्याच्या आदल्या महिन्यातली. इतर वर्षेही चाळली : वार्षिक अहवाल वेळेत जावा म्हणून प्रत्येक पाहणी डिसेंबरातच उरकलेली. पिल्ले जन्मतात जानेवारीत. पाहायला गेले, तेव्हा पाहण्यासारखे काही जन्मलेच नव्हते.

साहेबांनी रोजनिशी दोनदा वाचली. "जानेवारीअखेरपर्यंत थांबतो. तोवर आवाज आला नाही, तर हलवणार."

एकतीस जानेवारीच्या दुपारी फळीच्या फटीतून ध्वनिग्राहक खाली सोडला. हेडफोन साहेबांनीच कानाला लावला.

"घरघरतंय काहीतरी. शिलाई मशीनसारखं."

काकूंनी तो जवळजवळ हिसकावलाच. ऐकता ऐकता त्या एका ओंडक्यावर टेकल्या. "दूध पिताना पिलं अशीच गुणगुणतात," त्या म्हणाल्या, आणि मग मोठ्याने हसल्या.

"किती असतील?"

"ते मला नका विचारू. मी दात मोजते, साहेब!"

वसंतापर्यंत गिरणीत कोणी जायचे नाही, असा आदेश साहेबांनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर लिहिला. परतताना काकू मागच्या सीटवर तोंड उघडे टाकून झोपल्या. साहेबांनी गाडी हळू घेतली.