किरीटचा रिकामा कॅमेरा

गोंडलमध्ये फुकटचा सल्ला द्यायला माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नाही. किरीट चुडासमालाही मी तो दिला, हे आधीच कबूल करतो.

किरीट लग्नाचे फोटो काढतो. तेलगिरणीवाल्या मावजीशेठच्या मुलीच्या लग्नाचे त्यानं पस्तीस हजार सांगितले. शेठ गाठिया चघळत म्हणाले, "बटन दाबायचे पस्तीस हजार?"

"शेठ, दर दाबण्याला आतला शटरचा पडदा झिजतो, दोनेक लाख फोटोंनी मरतो. लग्नानंतर पंधरा दिवस कॉम्प्युटरपुढं डोळे फोडायचे. शिवाय दुसरा कॅमेरा..."

"दुसरा कशाला? बायकाही दोन केल्यास काय?"

"पहिला अडला तर म्हणून."

"मग न अडणारा आण की! दुसरा घरी ठेव, वीस हजार घे."

माझी जीभ वळवळलीच. "घे रे किरीट, मानेवरचं ओझं तरी उतरेल."

सगळे हसले. किरीटच्या मुलीची नर्सिंगची फी थकली होती, तोही हसला. लग्नाच्या दिवशी दुसरा कॅमेरा त्यानं राजकोटला भाड्यानं धाडला.

आमच्याकडे जावई मांडवाच्या दारात आला की सासू ओवाळून त्याचं नाक पकडते. तो मान मागं घेतो, ती झडप घालते. पापणी लवेपर्यंत खेळ खलास. शेठाणी मुक्ताबेन सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या. त्या दिवशी उठल्या, त्या एवढ्यासाठीच. जावई वाकला, त्यांनी नाक पकडलं आणि खळखळून हसल्या. किरीटनं बटन दाबलं. कॅमेऱ्यात खट् झालं आणि सगळं काळं.

"पुन्हा धर नाक!" शेठ ओरडले.

पण फोटो काढायचा कशानं? कुणाच्या मोबाइलमध्ये नुसता फेटा आला. मुक्ताबेनना धरून आत नेलं, त्या परत बाहेर आल्याच नाहीत. दिवाळीआधी गेल्या.

बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, भिंतीवर मुक्ताबेनचा जुना, त्यांच्या स्वतःच्या लग्नातला फोटो लावला होता. शेठची मुलगी किरीटपाशी आली. "काका, ते हसणं... एकसुद्धा नाही?"

 घेतलेले पैसे किरीटनं केव्हाच परत केले होते. तरी शेठ आजही चारचौघांत म्हणतात, "त्या भामट्यानं माझ्या बायकोची शेवटची आठवण खाल्ली."

शेठच्या गिरणीत गोणपाटाखाली एक जास्तीची मोटर असते. वर्षानुवर्षं फिरत नाही. ती कशाला ठेवलीय, असं मी अजून विचारलेलं नाही. रोज सकाळचे गाठिया मी त्यांच्याच पैशांनी खातो.