एकही कॉम्प्युटर बिघडला नव्हता

माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर पेन हातात धरायचं काम पडलं ते पगाराच्या सहीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, ओळी वरखाली जातील. ज्याच्या हाती ही वही लागेल त्याने सांभाळून घ्यावं, मी माफी मागते. पण माफी मागते ती फक्त अक्षराची. जे लिहिणार आहे, त्यातलं एक वाक्यही मी मागे घेणार नाही.

माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ, घरचा सिधू, गेला त्याला आता दोन महिने झाले. फोन आला तेव्हा मी संस्थेत, त्याच्याच लॅबमध्ये फरशी पुसत होते. त्याच्या बायकोचा, रंजनाचा फोन. ती एवढंच म्हणाली, "ताई, या तुम्ही." दवाखान्यात तो बारा दिवसांपासून होता, त्यामुळे पुढचं विचारायची गरज नव्हती. मी पोछा पिळला, बादली कोपऱ्यात ठेवली आणि निघण्याआधी सगळे कॉम्प्युटर बंद आहेत ना ते एकेक करून पाहिलं. त्याने लावलेली सवय. त्या दिवशी ते कशाला पाहिलं, मला सांगता येणार नाही... पण पाहिलं.

आमची संस्था खापरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पोरापोरींना कॉम्प्युटरचे कोर्स शिकवते आणि तिथे सरकारी परीक्षांचं केंद्रही असतं. सिधू तिथे लॅब असिस्टंट होता. माझे यजमान वारल्यावर त्यानेच मला साफसफाईच्या कामावर लावून घेतलं. तो दीड वर्षाचा असताना आई गांधीबागेत कापडाच्या गोदामात कामाला जायला लागली आणि त्याला सांभाळायला मी शाळा सोडली. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्याला मात्र वाटायचं. मोठा झाल्यावर तो मला काही ना काही शिकवायला पाहायचा आणि मी म्हणायची, "राहू दे गा, आता काय करू शिकून?"

तरी मी शिकले, आणि ते असं. लॅबमध्ये चौदा जुने कॉम्प्युटर होते. पोरं त्यांत काहीबाही करून ठेवायची, म्हणून सिधू महिन्यातून एकदा सगळे पुसून नव्याने भरायचा. त्यासाठी प्रत्येकाजवळ जाऊन बसावं लागत नसे. खाली ऑफिसात एक मोठा कॉम्प्युटर आहे, सर्व्हर. वरचे कॉम्प्युटर चालू झाले की वायरीतून त्याला विचारतात, माझा नंबर काय आणि मी कोणती फाईल घेऊन सुरू होऊ? हे वाटप करणाऱ्याला डीएचसीपी म्हणतात. तो नंबर देतो, फाईलचं नाव देतो आणि काम सुरू होतं. मग संस्थेने वीस नवे कॉम्प्युटर घेतले. नव्यांची सुरू व्हायची तऱ्हा वेगळी असते. जुन्यांची फाईल त्यांना चालत नाही, त्यांची फाईल जुन्यांना चालत नाही. आणि सर्व्हरमध्ये तर सगळ्यांसाठी एकच नाव लिहिलेलं.

ते बदलायला सिधूने सलग तीन रविवार घातले. सर्व्हर खाली, लॅब दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या पायांवर तेव्हाच सूज यायला लागली होती, जिने चढवत नव्हते. म्हणून तो खाली बसायचा आणि मी वर. फोन चालू ठेवून मी एक जुना आणि एक नवा कॉम्प्युटर चालू करायची आणि पडद्यावर जे येईल ते एकेक अक्षर वाचून सांगायची. इंग्रजी शब्द मला कळत नाहीत, पण अक्षरं ओळखता येतात.

"काय दिसून राहिलं वं ताई?"

"एन, बी, पी... मग फाईलचं नाव आहे. शेवटी टिंब, सी, ओ, एम."

"कोणावर? नव्यावर?"

"नव्यावर. अन् थांबला तो तिथंच."

"थांबनच. त्याले जुन्याची फाईल गेली न. नव्यावर शेवटी ई, एफ, आय आलं पाहिजे. तसं येईपर्यंत मले सोडू नको."

"मी कायले सोडू? तूच मले सोडून नाही राहिला. घरी भाकरी व्हायच्या आहेत माह्या."

त्याने मला सांगितलं होतं की कॉम्प्युटर फाईल मागताना आपली जातही सांगतो. 'जात' म्हणाला आणि स्वतःच हसला. "इथंही सुटका नाही पाह्य ताई. पण इथं ते बरं आहे, ज्याले जे पचते ते मिळते." जुना सांगतो शून्य, नवा सांगतो सात. त्यावरून सर्व्हरमध्ये दोन नियम लिहायचे, त्यांना पॉलिसी म्हणतात. शून्य म्हणणाऱ्याला जुनी फाईल, सात म्हणणाऱ्याला नवी. त्याने दोन्ही लिहिल्या, सगळ्यांसाठीचं नाव काढून टाकलं, आणि झालं भलतंच. कोणालाच फाईल मिळेना. पडद्यावर नावच येईना. पूर्ण रविवार गेला. तिसऱ्या रविवारी दुपारी त्याला समजलं. कॉम्प्युटर सातवर थांबत नाही, पुढेही बारीकसारीक काही सांगत जातो. त्यामुळे नियमात सातच्या पुढे चांदणीची खूण द्यावी लागते, म्हणजे पुढे काहीही असलं तरी चालेल. त्याने चांदण्या दिल्या. मी दोन्ही कॉम्प्युटर चालू केले. जुन्यावर सी, ओ, एम. नव्यावर ई, एफ, आय. दोन्ही शेजारी शेजारी सुरू झाले. मी फोनमध्ये ओरडले, तसं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. तो खालून म्हणाला, "आता जाय, कर भाकरी."

त्या दिवशी त्याने सगळं एका वहीत मराठीत लिहून काढलं आणि वही माझ्याजवळ ठेवायला दिली, कारण ऑफिसातल्या वस्तू गायब व्हायच्या.

नंतर तो आजारी पडून आठ दिवस सुट्टीवर होता. तेवढ्यात कॉम्प्युटर पुरवणाऱ्या दुकानाचा माणूस आला. त्याने सर्व्हर उघडला, सिधूच्या दोन्ही पॉलिसी त्याला फालतू वाटल्या, काढून टाकल्या. सगळ्यांसाठी एकच नाव लिहिलं, जुनंच. महिन्याला कॉम्प्युटर नव्याने भरायची वेळ आली तेव्हा वीसच्या वीस नवे कॉम्प्युटर अडकून बसले, आणि दोन दिवसांवर परीक्षा केंद्राची तपासणी. संस्थेच्या सचिवसाहेबांनी त्याच माणसाला बोलावलं. तो म्हणाला, तुमच्या असिस्टंटने छेडछाड करून कॉम्प्युटरच्या आतले बोर्ड खराब केले. मग एका दुपारी त्याने सगळे दुरुस्त केले आणि वीस बोर्डांच्या दुरुस्तीचं बिल लावलं.

त्या दुपारी मी लॅबच्या खिडक्या पुसत होते. त्याने एकाही कॉम्प्युटरच्या डब्याचा स्क्रू उघडला नाही. प्रत्येकाजवळ बसला, दोन-चार बटणं दाबली, उठला. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक सोय असते, ती फिरवली की तो जुन्यासारखा वागतो आणि जुनीच फाईल घेतो. तेवढंच त्याने केलं. बोर्ड दुरुस्त करायला डबा उघडावा लागतो, हे मलाही कळतं.

बिल सिधूच्या पगारातून कापायचं ठरलं. महिन्याला चार हजार, सहा महिने. सर्व्हरचा पासवर्ड काढून घेतला आणि त्याला फाटकाजवळ हजेरी लिहायला बसवलं. तो मला म्हणाला, "ताई, तू होती न तिथं? साहेबाले सांगशील? फक्त जे पाह्यलं ते." मी हो म्हटलं. त्याच्याबरोबर साहेबांच्या खोलीत गेलेसुद्धा. साहेबांनी वर पाहून विचारलं, "हं, काय बाई?" आणि मी पदर धरून उभी राहिले. माझी नोकरी, साहेबांची खुर्ची, चार लोक बसलेले... मी बोलले नाही. सिधू मला बाहेर घेऊन आला आणि उलट मलाच म्हणाला, "जाऊ दे, तुले घाम आला पाह्य."

सिधू त्या आळामुळे गेला असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले मूत्रपिंड, तर मूत्रपिंड. पण सहा महिने तो फाटकाजवळ बसून पोरांच्या तोंडून ऐकत होता की यानेच लॅब खराब केली. शेवटच्या भेटीत त्याने मला पाणी मागितलं, प्याला आणि म्हणाला, "मशिना चांगल्या होत्या वं ताई." मी म्हटलं, माहीत आहे मले. तो म्हणाला, "तुले माहीत आहे. बस." त्या 'बस'ने मी दोन महिने झोपले नाही.

जलदान विधी झाला, मी कामावर परत गेले. आणि त्याच महिन्यात संस्थेत आणखी पंधरा कॉम्प्युटर आले, अगदी नवे. दुकानाचा तोच माणूस आला, बटणं दाबत बसला, कपाळ पुसत बसला. या कॉम्प्युटरांत जुन्यासारखं वागायची सोयच नव्हती. बनवणाऱ्यांनी ती काढूनच टाकली होती. पंधराही अडकलेले आणि पुढच्या आठवड्यात परीक्षा. सचिवसाहेब लॅबमध्ये उभे, सिधूच्या जागी आलेल्या नव्या मॅडम उभ्या, आणि तो माणूस म्हणतो, "साहब, इसका भी बोर्ड गया लगता है."

माझ्या हातात झाडू होता. मी म्हटलं, "बोर्ड नाही गेला."

तो हसला. "बाई, ये झाडू का काम नहीं है."

"झाडूचं नाही. पण जो डबा न उघडता बोर्ड दुरुस्त करते, त्याचंही नाही." मी झाडू भिंतीला टेकवला आणि साहेबांकडे वळले. "साहेब, मागच्या वेळी मी इथं खिडक्या पुसून राहिली होती. यानं एक स्क्रू नाही उघडला. वीस बोर्डांचे पैसे घेतले. ते माह्या भावाच्या पगारातून गेले."

साहेब म्हणाले, "बाई, ही वेळ आहे का?"

"तेव्हा वेळ होती, तेव्हा मी नाही बोलली. आता बोलून राहिली. माह्याजवळ सिधूची वही आहे. मॅडमनं खाली बसावं, मी इथून पडदा वाचते. तुम्ही इथंच उभे राहा अन् पाहा."

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलंही नाही, मी पिशवीतून काढलेली वही घेतली आणि खाली गेल्या. फोन चालू केला. वहीतली पहिली ओळ होती, सगळ्यांसाठी लिहिलेलं नाव आधी काढ. मग शून्याचा नियम, मग साताचा. त्या म्हणाल्या, "काकू, झालं. चालू करा." मी एक जुना, एक नवा चालू केला. दोन्हींवर फाईलचं नावच आलं नाही. तो माणूस खिशात हात घालून म्हणाला, "देखा?"

हे मी एकदा पाहिलेलं होतं. "मॅडम, चांदणी दिली का? शून्याच्या पुढे अन् साताच्याही पुढे?"

फोनमधून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "अय्या, राहिली काकू. वहीत आहे, मीच सोडली."

"द्या."

मी दोन्ही बंद करून परत चालू केले आणि मोठ्याने वाचलं, साहेबांना ऐकू जावं म्हणून. जुन्यावर टिंब, सी, ओ, एम. नव्यावर टिंब, ई, एफ, आय. दोन्ही सुरू झाले. मग मी पुढच्या कॉम्प्युटरजवळ गेले, मग त्याच्या पुढच्या. पंधराही पडद्यांवरची नावं वाचली. कोणी थांब म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी मी थांबले नसते. मॅडम वर आल्या आणि सरळ बोलल्या, "सर, मागचे वीससुद्धा बिघडलेले नव्हते. त्यांचं सेटिंग आजही बदललेलं आहे, मी आत्ता परत फिरवून दाखवते." त्यांनी एक फिरवला. तोही ई, एफ, आय घेऊन सुरू झाला. दुकानाचा माणूस तोवर जिना उतरून गेला होता.

दोन दिवसांनी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर पाकीट होतं. "बाई, संस्थेकडून सिद्धार्थच्या पत्नीला मदत. दहा हजार आहेत."

मी पाकिटाला हात लावला नाही. "मदत नको साहेब."

"मग काय पाहिजे?"

"चोवीस हजार कापले होते. ते परत पाहिजे. अन् कागदावर लिहून पाहिजे की कॉम्प्युटर बिघडले नव्हते, म्हणून पैसे परत."

"असं संस्था लिहून देत नसते बाई. आणि कामाचंही पाहा, अजून चार-पाच वर्षं आहेत तुमची."

"असू द्या. काढायचं असेल तर काढा. चोवीस हजाराच्या खाली मी घेणार नाही, अन् रंजनाही घेणार नाही."

मला काढलं नाही. काहून काढलं नाही ते मला माहीत नाही. मॅडमनी स्वतःहून, जुन्या बिलाबरोबर, कॉम्प्युटर बिघडले नव्हते असं पत्र संस्थेला लिहून दिलं होतं एवढं कळलं. तीन आठवडे कोणी काही बोललं नाही. मी रोज झाडत राहिले, रोज साहेबांच्या खोलीच्या दारात एकदा उभी राहत होते. काही न बोलता, फक्त त्यांना दिसेल अशी.

सोमवारी रंजनाला बोलावणं आलं. मी तिच्याबरोबर गेले. व्हाउचरवर काय लिहिलं आहे ते मी आधी वाचून घेतलं, बोट ठेवून, एकेक अक्षर, साहेब ताटकळत असताना. 'कॉम्प्युटर नादुरुस्त नसल्याचे आढळल्याने कै. सिद्धार्थ यांच्या वेतनातून केलेली कपात परत.' मग रंजनाला म्हटलं, कर सही. तिने नोटा मोजल्या, मी परत मोजल्या. चोवीस हजार. पूर्ण.